भाव आधी ठरला, लस नंतर झाली



तुमच्यापैकी कितीतरी जणी आशा म्हणून, अंगणवाडी सेविका म्हणून काम करता. ज्या करत नाहीत त्या बाळाला कडेवर घेऊन लसीकरणाच्या दिवशी रांगेत उभ्या राहिलेल्या आहेत. निळी पेटी येते, पेटीत बर्फाच्या पट्ट्या, त्यांच्या मधोमध इवल्याशा बाटल्या. सिस्टर बाटलीवरची तारीख बघतात, सुई टोचतात, कार्डावर खूण करतात. बाळ रडतं, आपण घरी येतो. सगळं किती सोपं वाटतं ना?

पण ती बाटली त्या पेटीपर्यंत आली कशी, हा विचार आपण फारसा करत नाही. आपल्याला वाटतं, कुणा शास्त्रज्ञानं शोध लावला, मग औषध झालं, मग ते दवाखान्यात आलं. तसं नसतं. शोध लागणं हे एक काम, आणि तो शोध गरिबाच्या लेकराच्या दंडापर्यंत पोचवणं हे दुसरं काम. या दोन कामांच्या मधल्या वाटेवर कितीतरी चांगले शोध अडकून पडतात.

बचत गटातल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. घरी चार जणांसाठी उत्तम पापड जमतात, म्हणून बाजारात पापड विकता येतात असं नाही. पीठ कुठून आणायचं, यंत्राला पैसे कोण देणार, परवाना कसा काढायचा, पॅकिंग कशात करायचं, भाव काय ठेवायचा, आणि मुख्य म्हणजे घेणार कोण? औषधाचं आणि लशीचं अगदी असंच असतं. फरक एवढाच, की पापड बिघडला तर नुकसान पैशांचं होतं, आणि लस वेळेवर पोचली नाही तर घरातलं माणूस जातं.

आज मी तुम्हाला अशाच एका लशीचा इतिहास सांगणार आहे. रोग आफ्रिकेतला, लस बनवण्याचं तंत्र अमेरिकेतलं, आणि लस तयार झाली आपल्या पुण्यात. या लशीची गंमत अशी, की तिचा भाव आधी ठरला आणि लस नंतर तयार झाली.

धुळीच्या वाऱ्याबरोबर येणारा ताप

आफ्रिका खंडाच्या नकाशावर सहारा वाळवंटाच्या खाली एक आडवा पट्टा आहे. पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला इथिओपियापर्यंत. मधे माली, बुर्किना फासो, नायजर, नायजेरिया, चाड, सुदान असे देश. एकूण २६ देशांचा हा पट्टा. माणसं शेती करतात, बाजरी-ज्वारी पिकवतात, गुरं पाळतात. आपल्या माणदेशातल्या किंवा मराठवाड्यातल्या बाईला तिथली जमीन फार परकी वाटणार नाही.

पावसाळा संपला, की वाळवंटाकडून कोरडा, धुळीचा वारा सुटतो. त्याला तिकडे हरमॅटन म्हणतात. नाक-घसा कोरडा पडतो, आणि याच दिवसांत एक भयंकर ताप यायचा. त्याचं नाव मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणाला येणारी सूज. आपल्याकडे याला मेंदूज्वरही म्हणतात. पण मेंदूज्वर या एका शब्दात आपण दोन-तीन वेगवेगळे आजार घालतो. डासामुळे होणारा मेंदूज्वर वेगळा. हा आजार जंतूमुळे होतो, आणि तो जंतू खोकण्या-शिंकण्यातून, जवळच्या सहवासातून पसरतो.

लक्षणं काय, तर एकदम चढलेला ताप, डोकं फुटेल असं दुखणं, उलट्या, आणि मान ताठ होणं. तान्ह्या बाळाची टाळू फुगते. उपचार झाला नाही तर निम्म्यापर्यंत रोगी दगावू शकतात. उपचार करूनही दहातला एक जण जातो, तोही अनेकदा एक-दोन दिवसांतच. जे वाचतात त्यांतल्या बऱ्याच जणांना कायमचं बहिरेपण येतं, काहींना फिट्स येतात, काहींची बुद्धी मागे पडते. (आपल्याकडेही कुणा मुलात ही लक्षणं दिसली तर अंगारा-धुपाऱ्यात एक तासही घालवू नका, थेट दवाखाना गाठा.)

१९९६ आणि १९९७ या दोन वर्षांत त्या पट्ट्यात या रोगाची फार मोठी साथ आली. अडीच लाखांहून जास्त माणसं आजारी पडली, पंचवीस हजारांहून जास्त गेली. त्यांत लहान मुलं आणि तरुण सर्वांत जास्त. या साथीला कारण होता या जंतूचा एक प्रकार, ज्याला ‘ए’ गट म्हणतात.

लस होती, पण कामाची नव्हती

तुम्ही विचाराल, तेव्हा लस नव्हती का? होती. १९७०च्या दशकापासून होती. पण ती अपुरी होती. का, ते समजून घेऊ.

या जंतूच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं एक कवच असतं. जुनी लस या कवचाच्या साखरेपासून बनवलेली होती. मोठ्या माणसाचं शरीर ती साखर ओळखतं आणि तयारीला लागतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं शरीर मात्र त्या साखरेकडे जवळजवळ लक्षच देत नाही. मोठ्यांतही तिचा परिणाम दोन-तीन वर्षांत ओसरायचा. शिवाय लस घेतलेल्या माणसाच्या घशात जंतू राहू शकायचा आणि तो दुसऱ्याला द्यायचा. म्हणून ही लस साथ आल्यावर धावत-पळत टोचायची. लस मागवून ती गावात येईपर्यंत बरीच माती झालेली असायची.

याच्यावर उपाय शास्त्रज्ञांना माहीत होता. ती साखर एखाद्या अशा प्रथिनाला जोडायची, ज्याला बाळाचं शरीर चांगलं ओळखतं. अनोळखी पाहुणा एकटा दारात आला तर आपण दार लावून घेतो. तोच पाहुणा आपल्या ओळखीच्या माणसाचा हात धरून आला, तर आपण त्याला नीट बघतो आणि लक्षात ठेवतो. तसंच हे. अशा जोडलेल्या लशीला संयुग्मी लस किंवा कॉन्जुगेट लस म्हणतात. ती लहान बाळांत काम करते, पुष्कळ वर्षं टिकते, आणि घशातला जंतूही कमी करते. म्हणजे ज्याला टोचली नाही त्यालाही थोडं संरक्षण मिळतं.

१९९९ साली ब्रिटननं याच रोगाच्या ‘सी’ गटावरची जोडलेली लस आपल्या मुलांना द्यायला सुरुवात केली. ‘सी’ गटाचा त्रास श्रीमंत देशांना होता. ‘ए’ गटाचा त्रास आफ्रिकेच्या गरीब पट्ट्याला होता. ‘ए’ गटावरच्या जोडलेल्या लशीचं कामही नव्वदच्या दशकात सुरू झालं होतं, चाचण्याही झाल्या होत्या, पण ते पुढे गेलं नाही. शास्त्र तेच, कौशल्य तेच. अडलं होतं ते गिऱ्हाइकावर. ज्यांना लस हवी होती, त्यांच्याकडे पैसे नव्हते.

कंपनीचा हिशेब आपण समजून घेऊ, नुसतं नाव ठेवून उपयोग नाही. नव्या लशीसाठी कारखान्यात जागा लागते, माणसं लागतात, वर्षानुवर्षं चाचण्या कराव्या लागतात. त्याच जागेत, त्याच माणसांकडून श्रीमंत देशासाठी लस बनवली तर दहा पट भाव मिळतो. मग गरीब देशाची लस मागे पडते. कुणी वाईट मनानं ठरवावं लागत नाही, हिशेबच तसा निघतो. आणि म्हणूनच हिशेब बदलल्याशिवाय काही बदलत नाही.

अर्ध्या डॉलरची अट

२००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ नावाची एक ना-नफा संस्था, या दोघांनी मिळून मेनिंजायटिस लस प्रकल्प सुरू केला. बिल आणि मेलिंडा गेट्स यांच्या प्रतिष्ठाननं त्यासाठी सात कोटी डॉलर दिले. प्रकल्पाचे प्रमुख होते मार्क लाफोर्स नावाचे अमेरिकी डॉक्टर.

या मंडळींनी एक शहाणपणाचं काम केलं. कारखान्याकडे जायच्या आधी ते आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेले आणि विचारलं, तुम्हाला कशी लस हवी? आणि कितीला परवडेल? उत्तर स्पष्ट मिळालं. एका डोसाला अर्ध्या डॉलरच्या आत. तेव्हाच्या दरानं आपले साधारण २३-२४ रुपये. अधिकाऱ्यांचं म्हणणं असं होतं, की परवडणार नाही अशी लस आणू नका. आमच्या डोळ्यांसमोर लस असेल आणि आम्ही ती मुलांना देऊ शकणार नाही, हे लस नसण्यापेक्षाही वाईट.

प्रकल्पाच्या लोकांनी मोठमोठ्या लस कंपन्यांशी बोलणी केली. त्या भावात लस द्यायला कुणी तयार झालं नाही. इथे दोन वाटा होत्या. एक म्हणजे भाव वाढवून मागायचा आणि देणगीदारांच्या पाया पडायचं. दुसरी म्हणजे भाव तोच ठेवायचा आणि लस बनवण्याची पद्धतच बदलायची. त्यांनी दुसरी वाट धरली.

त्यांनी कामाचे तुकडे केले. एकाच कंपनीकडून सगळं करून घेण्याऐवजी ज्याचं जे चांगलं, ते त्याच्याकडून घ्यायचं ठरलं. जंतूच्या कवचाची साखर सुरुवातीला हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टरडॅम शहरातल्या एका कंपनीकडून घेतली. साखर आणि प्रथिन जोडण्याचं तंत्र अमेरिकेतल्या औषध नियंत्रण खात्याच्या सरकारी प्रयोगशाळेतून आलं. तिथे कार्ल फ्रॅश आणि रॉबर्ट ली या शास्त्रज्ञांनी जोडणीची एक नवी पद्धत काढली होती. जुन्या पद्धतीत पुष्कळ कच्चा माल वाया जायचा. यांच्या पद्धतीत तेवढ्याच मालात जास्त लस निघायची. स्वस्त लशीसाठी हे फार महत्त्वाचं होतं.

आणि हे सगळं एकत्र आणून लस तयार करायचं काम आलं पुण्याकडे.

घोड्यांपासून लशीपर्यंत

पुण्याच्या हडपसर भागात सीरम इन्स्टिट्यूट आहे. करोनाच्या काळात हे नाव आपण सगळ्यांनी ऐकलं. तिची सुरुवात १९६६ साली सायरस पूनावाला यांनी केली. त्यांच्या घरचा धंदा शर्यतीच्या घोड्यांचा. त्या काळी धनुर्वातावरचं औषध घोड्याच्या रक्तातून काढायचे, आणि पूनावालांकडचे वय झालेले घोडे त्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जायचे. घोडे आपले आहेत, तर औषध आपणच का करू नये, या विचारातून ही संस्था उभी राहिली. म्हणून नाव सीरम, म्हणजे रक्तातलं पाणी.

धनुर्वाताची लस ही या संस्थेची जुनी हातखंडा वस्तू. आणि इथेच आपल्या गोष्टीचा धागा जुळतो. जंतूची साखर ज्या ओळखीच्या प्रथिनाला जोडायची होती, ते प्रथिन म्हणजे धनुर्वाताच्या लशीतलंच. गरोदरपणात आपल्या दंडावर जी धनुर्वाताची सुई टोचली जायची, तिच्यातला हा घटक पुण्यात भरपूर आणि स्वस्त तयार होत होता.

जोडणीचं तंत्र वापरण्यासाठी परवाना लागतो. शोध लावणाऱ्याला सरकार पेटंट देतं, म्हणजे ठरावीक वर्षं तो शोध दुसऱ्यानं त्याच्या परवानगीशिवाय वापरायचा नाही. इथे शोध सरकारी प्रयोगशाळेत, लोकांच्या कराच्या पैशातून लागलेला होता. लस प्रकल्पानं त्याचा परवाना मिळवला आणि तंत्र पुण्याच्या कारखान्याला दिलं. कारखान्याला तंत्रासाठी भरमसाट पैसे मोजावे लागले नाहीत, चाचण्यांच्या खर्चाला प्रकल्पाचा आधार होता, आणि कोट्यवधी डोस विकले जातील अशी आशा होती. या तीन गोष्टींच्या बदल्यात कारखान्यानं भाव कमी ठेवायचं कबूल केलं. हा झाला सौदा. कुणी कुणावर उपकार केले नाहीत. दोन्ही बाजूंनी हिशेब घातला, आणि या वेळी हिशेबात गरीब गिऱ्हाईकही बसलं.

पुण्याचे शास्त्रज्ञ अमेरिकेत जाऊन ते तंत्र शिकून आले. पण शिकणं वेगळं आणि मोठ्या प्रमाणावर करणं वेगळं. पाच किलोचं लोणचं जमलं म्हणून पाचशे किलोचं तसंच जमेल याची खात्री नसते. मीठ, उष्णता, ढवळणं, सगळ्याचं गणित बदलतं. प्रयोगशाळेतल्या छोट्या भांड्यातली पद्धत कारखान्याच्या मोठ्या टाकीत बसवायला मेहनत लागली. गरीब देशातला कारखाना इतकी अवघड लस बनवू शकेल का, अशी शंका घेणारेही पुष्कळ होते.

चाचणी आणि विश्वास

लस तयार झाली म्हणून ती लगेच टोचता येत नाही. आधी थोड्या निरोगी मोठ्या माणसांवर, मग आणखी लोकांवर, मग मुलांवर, अशी पायरी-पायरीनं चाचणी करावी लागते. पहिली चाचणी २००५ साली भारतात तरुण माणसांवर झाली. २००६ साली आफ्रिकेत माली आणि गांबिया या देशांत सुमारे ६०० लहान मुलांवर चाचणी झाली. ही मुलं एक ते दोन वर्षांची होती. ज्या वयात जुनी लस हात टेकायची, त्याच वयात नव्या लशीनं कितीतरी जास्त संरक्षण तयार केलं.

इथे एक कटू गोष्टही सांगायला हवी. १९९६च्या साथीत नायजेरियातल्या कानो शहरात एका मोठ्या अमेरिकी कंपनीनं आपलं नवं औषध सुमारे २०० आजारी मुलांच्या गटात तपासलं होतं. निम्म्यांना नवं औषध, निम्म्यांना प्रचलित औषध. त्यातली ११ मुलं गेली, काही अपंग झाली. आई-बापांचं म्हणणं होतं, की हा प्रयोग आहे हे आम्हाला सांगितलंच नाही. कंपनीचं म्हणणं होतं, की मुलं औषधानं नाही तर रोगानं गेली. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या, आणि २००९ साली कंपनीनं कानो राज्याशी पैसे देऊन तडजोड केली. त्या प्रकरणानं तिकडच्या लोकांचा औषध-लशीवरचा विश्वास बराच उडाला.

म्हणून मैत्रिणींनो, चाचणीत आई-बापांची संमती ही नुसती सही नाही. काय टोचणार, का टोचणार, त्रास काय होऊ शकतो, आणि ‘नको’ म्हणायचा हक्क आहे, हे आपल्या भाषेत समजावून सांगणं हे संशोधकाचं कर्तव्य आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईलाही हे सगळं साक्षीदारासमोर सांगावं लागतं आणि मगच अंगठा घ्यावा लागतो. लस बाजारात येण्याच्या वाटेवर पैसा लागतो, यंत्र लागतं, पण त्या आईच्या होकाराशिवाय एक पाऊलही पुढे पडत नाही. तो होकार खरा असला पाहिजे.

दहा दिवसांत एक कोटीहून जास्त

२००९च्या अखेरीस भारताच्या औषध नियंत्रकांनी लशीला परवानगी दिली. जून २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिला मान्यता दिली. या मान्यतेशिवाय संयुक्त राष्ट्रांच्या संस्था लस विकत घेत नाहीत, म्हणून ही मोठी पायरी. लशीचं नाव ठेवलं मेनआफ्रिव्हॅक. भाव पडला एका डोसाला सुमारे ४० सेंट, म्हणजे तेव्हाचे साधारण १८ रुपये. अर्ध्या डॉलरच्या आत. अट पाळली गेली.

६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोच्या राजधानीत, वागाडुगू इथे, मोहीम सुरू झाली. एक ते २९ वर्षांच्या सगळ्यांना एकच डोस. आया मुलांना पाठीला बांधून आल्या, शाळकरी पोरं आली, तरुण मुली आल्या. त्या आयांना कुणी रोगाची भीती समजावून सांगावी लागली नाही. शेजारपाजारचं एखादं मूल त्यांनी या तापात गमावलेलं होतं. साधारण दहा दिवसांत त्या एका देशात एक कोटी दहा लाखांहून जास्त लोकांना लस मिळाली. पाठोपाठ माली आणि नायजर, मग पुढच्या वर्षांत बाकीचे देश. मोहिमेचा बराच खर्च ‘गॅव्ही’ या आंतरराष्ट्रीय लस आघाडीनं उचलला, त्या त्या देशानंही आपला वाटा घातला.

परिणाम डोळ्यांत भरणारा होता. चाड देशात २०१२च्या साथीच्या दिवसांत जिथे लस टोचली होती आणि जिथे अजून टोचायची होती, अशा दोन्ही भागांची तुलना झाली. लस टोचलेल्या भागात मेनिंजायटिसचं प्रमाण ९४ टक्क्यांनी कमी होतं. पुढे ३० कोटींहून जास्त लोकांना ही लस मिळाली, आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘ए’ गटाचा रोगी आढळलेला नाही. शंभर वर्षं ज्या तापानं गावं रिकामी केली, त्याचा हा मुख्य जंतू दहा वर्षांच्या आत दिसेनासा झाला.

बर्फाची गोष्ट

आता आशाताईंसाठी एक खास गोष्ट. लस पेटीत बर्फावर का ठेवतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. २ ते ८ अंशांत ठेवली नाही तर लस वाया जाते. आफ्रिकेच्या त्या पट्ट्यात पारा चाळिशीला जातो, वीज नाही, रस्ता नाही. बर्फ करणं आणि वाहून नेणं हेच कार्यकर्त्यांचं निम्मं काम होऊन बसतं.

या लशीच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं, की ती उष्णतेत किती तग धरते. २०१२ साली तिला अशी मान्यता मिळाली, की ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेत जास्तीत जास्त चार दिवस ती बर्फाशिवाय ठेवता येईल. अशी परवानगी मिळालेली आफ्रिकेतल्या मोहिमेतली ही पहिली लस. त्याच वर्षी बेनिन देशाच्या एका जिल्ह्यात कार्यकर्ते बर्फाशिवाय लस घेऊन गावोगाव गेले. लशीत काही बदल केला नव्हता, फक्त नीट तपासून कागदावर आणलं होतं. शोध म्हणजे नेहमी नवी वस्तूच असते असं नाही. असलेल्या वस्तूची खरी ताकद मोजणं हाही शोधच.

एक सूचना मात्र पक्की लक्षात ठेवा. ही सवलत फक्त त्या लशीला, तपासणी करून दिलेली आहे. आपल्या पेटीतल्या लशींना हा नियम लागू नाही. त्या थंडच ठेवायच्या, आणि बाटलीवरच्या गोलातला चौकोन काळवंडला तर ती बाजूला काढायची.

अजून काय बाकी आहे

गोष्ट इथे गोड संपली असती तर मला आवडलं असतं. पण ‘ए’ गट गेला तरी त्या जंतूचे दुसरे गट आहेत. नायजर आणि नायजेरियात पुढे ‘सी’ गटाच्या मोठ्या साथी आल्या. म्हणून पुण्याच्या त्याच संस्थेनं आणि ‘पाथ’नं मिळून पाच गटांवर चालणारी नवी लस बनवली. तिला जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, आणि २०२४ साली नायजेरियानं ती सर्वांत आधी वापरायला घेतली. पाच गटांची लस बनवणं अवघड, म्हणून तिचा भाव जुन्या लशीपेक्षा जास्त आहे. म्हणजे परवडण्याचा प्रश्न पुन्हा समोर उभा आहे.

आणखी एक खरं सांगायचं. ४० सेंटांचा भाव आपोआप पडला नाही. देणगीचे सात कोटी डॉलर, सरकारी प्रयोगशाळेतलं संशोधन आणि पुष्कळ लोकांची वर्षं त्यामागे होती. ते पैसे भावात धरलेले नव्हते. देणगी मिळाली नसती तर काय झालं असतं? ज्या रोगावर कुणा श्रीमंताचं लक्ष जात नाही, त्याचं काय? आपल्याकडे सर्पदंश आहे. शेतात काम करणाऱ्या बाईला, बापयाला हा धोका रोजचा आहे. ज्याचं गिऱ्हाईक गरीब, त्या आजाराच्या औषधात पैसे घालायला कुणी धजत नाही, ही अडचण केवळ आफ्रिकेची नाही.

या इतिहासातून मला एक गोष्ट पटली, ती तुमच्यासमोर ठेवते. त्या लशीच्या कामात सगळ्यांत आधी शास्त्रज्ञांना विचारलं नव्हतं, वापरणाऱ्यांना विचारलं होतं. तुम्हाला काय हवं, कितीला हवं. त्या उत्तराला धरून तंत्र शोधलं, कारखाना शोधला. अधिकाऱ्यांनी भीड न धरता आकडा सांगितला, म्हणून लाखो पोरं वाचली. आपल्या गावात आरोग्याची बैठक असते, ग्रामसभा असते, आरोग्य समितीत आपल्यातल्याच बायका असतात. तिथे आपण बहुतेक वेळा ‘जे द्याल ते चालेल’ म्हणून गप्प बसतो. बोलायचं ठरवलं, तर आपली गरज आणि आपली ऐपत दोन्ही आकड्यात सांगता आली पाहिजे. उपकेंद्रात कोणतं औषध किती दिवस नव्हतं, खाजगी दुकानात त्याला किती मोजावे लागले, साप चावलेल्याला इंजेक्शनसाठी किती किलोमीटर न्यावं लागलं. हे आपल्यालाच माहीत असतं, दुसऱ्या कुणाला नाही.

या महिन्याच्या बैठकीत गटाच्या वहीत हे तीन आकडे लिहून बघा. हप्त्याच्या नोंदीशेजारी एक पान त्याला द्या. तीन-चार महिन्यांचे आकडे जमले, की ती वही घेऊन ग्रामसभेत उभं राहायचं.

आजच्यापुरतं एवढंच. तब्येतीला जपा, लेकरांच्या लसी वेळेवर घ्या. नमस्कार.